वरच्या तुकड्याचं गिऱ्हाईक

चिरंजीव पेलेग्री यास,

थोरली बहीण तेकला हिचे आशीर्वाद. (एकसष्ट वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहावं का, असा प्रश्न मलाही पडला; पण मी सदुसष्टची आहे, आणि तू अजून माझ्याहून लहानच आहेस.) इकडे देवाच्या कृपेनं मी, खेचर आणि छप्पर तिघंही उभे आहोत. तुझी धाप कशी आहे? तुझ्या रेमेईचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, सारखे डॉक्टर बदलू नकोस, आधी मध चाटून बघ. मध पाठवते आहे. सोबत आणखी काय आहे ते शेवटी लिहीन. गाठोडं आताच सोडू नकोस.

तुझं पत्र पोचलं. बार्सेलोनातल्या घराचे चार जिने आता तुला चढवत नाहीत, लिफ्टच्या इमारतीत एक जागा बघून ठेवली आहे, म्हणून डोंगरावरचा तुझ्या वाटणीचा वरचा तुकडा विकायचा. गुरुवारी गिऱ्हाईक येईल, त्याला तो मी नीट दाखवावा, एवढं सगळं तू लिहिलंस. बाबा होते तोवर दर द्राक्षतोडणीला यायचास. ते गेल्यापासूनच्या सात वर्षांत इतकं लांब पत्र हे पहिलंच. (बाबांच्या वर्षाच्या प्रार्थनेला तुझी तार आली होती, चार शब्दांची. त्यातला एक शब्द तुझं नाव.) पाठीवर द्राक्षांची टोपली घेऊन ज्या डोंगरावर तू शीळ घालत चढायचास, तो डोंगर चार जिने चढता येईनात म्हणून विकायचा, हे वाचून मला हसू आलं. मग बराच वेळ हसू आलं नाही.

तर तुकडा मी नीट दाखवला. मध्ये मी काडीचाही अडथळा आणला नाही हे आधीच लिहून ठेवते, कारण शेजारचा क्लिमेंट तोंडाचा फाटका आहे आणि तुला फोन करून काहीबाही सांगेल. देवळामागची वाट पाव तासाची आहे आणि कोरड्या ओढ्यातली दीड तासाची, हे खरं. मी ओढ्यातली वाट धरली, कारण त्या वाटेनं सगळा डोंगर नीट दिसतो. (ऊनही नीट लागतं, पण ते काही माझ्या हातात नाही.) सेन्योर बालसेल्स, म्हणजे तुझं गिऱ्हाईक, गुळगुळीत तळव्यांचे बूट घालून आला होता. आपल्या डोंगरावर शाळेच्या पाटीचे तुकडे पसरावेत तसा काळा दगड, त्यावर शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते. अर्ध्यावर आपल्या खेचरानं, मार्केसानं, त्याची पिशवी पाठीवर असतानाच बसकण मारली. (ती नेहमीच तिथं बसते. मला माहीत होतं.) त्यानं विचारलं, "बाई, नांगरणीचं यंत्र वर कुठून आणता?" मी म्हटलं, "हे काय, समोर बसलंय."

पुढं तो घसरला. वरच्या तुकड्यातून निघाला तो बसल्या बसल्या पायऱ्यापायऱ्यांच्या तीन ताली उतरून थेट माझ्या खालच्या तुकड्यात पोचला. मी वरून विचारलं, "लागलं का हो?" आता शिव्या घालेल, गाडीत बसेल आणि जाईल, अशी माझी अटकळ. त्यानं उठून विजार झटकली, दगडाचा एक तुकडा उचलला, हुंगला आणि खिशात टाकला. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. मग परत वर चढून त्यानं तुझा एकेक वेल वाकून पाहिला आणि विचारलं, "वरची छाटणी कोण करतं?" मी म्हटलं, "कोणी नाही. भावाचं आहे. मी मधली भिंत ओलांडत नाही." त्यानं एकदा वेलाकडं पाहिलं, एकदा माझ्या हातांकडं, आणि तो पुढच्या वेलाकडं वळला. मला असली माणसं आवडत नाहीत.

आता तळघरातली गोष्ट. ती तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये. दाराशी जे पिंप आहे त्याचं बूच गेल्या साली सैल राहिलं आणि आतली वाइन आंबून गेली; ती मी कोशिंबिरीत घालते आणि खिडक्या पुसायला वापरते. माझा बेत असा होता की पाहुण्याला त्यातलीच द्यायची आणि म्हणायचं, घ्या, ही वरच्या तुकड्याची. पोरोनमध्ये, त्या चोचीच्या काचेच्या भांड्यात, द्यायची, म्हणजे हात लांब धरून चोचीतली धार तोंडात घेताना अर्धी सदऱ्यावर सांडेल आणि उरलेली नरड्यात अडकेल. (हा अडथळा नव्हे. पाहुण्याला पोरोन देणं ही आपली रीत आहे.) रिकामा पोरोन घेऊन मी त्या पिंपाशी गेले, तोटीला हात लावला, आणि पेलेग्री, हात वळेचना. ती आंबट घाण तुझ्या वेलींची म्हणून सांगायची? आजोबांनी दगड फोडून एकेक रोप जिथं खोचलं, त्या जागेची बदनामी मी, तेकलानं, माझ्या तोंडानं करायची? मी वळले आणि कोपऱ्यातल्या पिंपातली चांगली वाइन काढली, बाबांच्या पद्धतीनं केलेली. वर टोमॅटो चोळलेला पाव दिला, खारवलेला मासा दिला, भाजलेले हेझलनट दिले. एवढं मी पाद्रीबाबांनाही देत नाही.

पहिली धार त्यानं सदऱ्यावर घेतली. दुसरी तोंडात गेली. मग तो ओल्या सदऱ्यानिशी खुर्चीत बसला आणि त्यानं पोरोन पुन्हा उचलला. मला भारी आनंद झाला. (मूर्ख बाई! जिला गिऱ्हाईक हाकलायचं होतं तिला आनंद झाला.) शेवटी तो म्हणाला, "ही वरच्या तुकड्याची?"

इथं मी नुसतं हो म्हटलं असतं तर तुला तुझी लिफ्ट मिळाली असती. पण मला खोटं बोलवलं नाही. मी सांगितलं की वरची, कारिन्येना द्राक्षांची, एकटी प्याल तर जीभ कातरते, आणि माझी खालची, गार्नाचा द्राक्षांची, एकटी प्याल तर गोडगोड, मऊ, पाठीचा कणा नसलेली. बाबा दोन्ही निम्मीनिम्मी ओतायचे, तेव्हा कुठं ही होते. तो म्हणाला, "मग बाई, अर्धी वाइन घेऊन मी काय करू? दोन्ही तुकडे द्या." मी म्हटलं, "माझा विकायचा नाही." तो म्हणाला, "तर मग वरचाही नको." पत्ता लिहून ठेवून तो गेला, देवळामागच्या वाटेनं. ती वाट त्याला क्लिमेंटनं दाखवली.

नंतर क्लिमेंट दारात उभा राहून म्हणतो कसा, "तेकला, हाकलायचं होतं तर जेवू कशाला घातलंस?" "पाहुणा होता." "आणि वाइन? ती कोणाची होती?" मी दार लावून घेतलं. तर असा तुझा सौदा माझ्या तोंडानं मोडला. लबाडीनं मोडला असता तर निदान ऐटीत राहिले असते. खरं बोलून मोडला, म्हणून मान खाली घालून लिहिते आहे. जिना चढताना दर मजल्यावर थांबत जा. रागावला असशील तर रागाव, पण उत्तर लिही.

तुझी बहीण,
तेकला

ता. क. मी मधली भिंत ओलांडत नाही हे खोटं. सात वर्षं वरची छाटणी, नांगरणी, तोडणी मीच केली. पिंपात निम्मी कारिन्येना आली कुठून, असं तू विचारशील वाटलं होतं. तू कधीच विचारलं नाहीस, म्हणून न विचारता सांगते.

पुन्हा ता. क. यंदाच्या ईस्टरपासून माझा गुडघा मधल्या भिंतीपाशी थांबतो. गुरुवारी मी वर गेले ती मार्केसाच्या शेपटीला धरून. गार्नाचा मी तोडीन. तुझी कारिन्येना ऑक्टोबरमध्ये पिकेल आणि वेलावरच सुकेल. ये. टोपली पोटमाळ्यावर आहे, उंदरांनी खाल्लेली नाही. तू दर तालीवर थांब, कोणी हसणार नाही. क्लिमेंट हसेल.

शेवटचं. मी बालसेल्सला परवा फोन केला. दोन्ही तुकड्यांच्या कागदावर माझी सही करून ठेवली आहे. तुझी बाकी आहे, आणि ती नोटरीसमोर इथंच व्हायला हवी. तो तोडणी संपेपर्यंत थांबायला तयार आहे. आता गाठोडं सोड. दोन बाटल्या आहेत, एक फक्त तुझ्या वेलींची, एक फक्त माझ्या. आधी वेगवेगळ्या पी आणि तोंड वाकडं कर. मग एकाच पेल्यात निम्मीनिम्मी ओत. ती प्यायल्यावरही तुला लिफ्टच हवी वाटली, तर ये आणि सही कर, पेन मी देईन. फक्त त्या नव्या घरात माझ्यासाठी एक खोली ठेव. कारण मग मलाही चढायला काही उरणार नाही.