कोंडीरामचा हूक

१२ एप्रिल २०२५, शनिवार

बागेत जाऊन आलो. त्रेचाळीस वर्षांनी! मार्केट यार्डापासून चालत दहा मिनिटं, आणि मी उभा जन्म यार्डात पोती वाहिली, तरी पाय तिकडे कधी वळू दिले नाहीत. आज उत्कर्षाने, माझ्या संतोषच्या लेकीने, स्कूटरवर बसवून नेलंच. म्हणाली, "आजोबा, तुमची बाग आहे ती. हेरिटेज आहे!"

माझी बाग म्हणे. तेव्हा नुसतं पटांगण होतं आणि मधोमध चिंच. आता कारंजं आहे, व्यायामाची लोखंडी यंत्रं आहेत, आणि 'हिरवळीवर बसू नये' अशी पाटी आहे. ब्याऐंशीच्या संपात आम्ही हमाल सतरा दिवस जिथे फतकल मारून बसलो, तिथे आता बसायला बंदी. छान प्रगती आहे.

चिंच आहे अजून. तिच्याभोवती बांधलेली तार सालीने गिळून टाकलीय. एका बाजूला बोटभर दिसते. हात लावून पाहिला आणि लगेच काढून घेतला.

संघटनेचा हल्लीचा चिटणीस बुद्धभूषण तिथेच भेटला. एक मेला संपवाल्यांच्या नावांची पाटी लागणार, जुने हूक काचेच्या पेटीत ठेवणार. "महिपतीकाका, तुमचा हूक द्या. आणि दोन शब्द बोला." मी हो म्हणून बसलो! कशाला म्हणालो?

१३ एप्रिल

उत्कर्षाला हूक कशाशी खातात ते माहीत नाही. दाखवला. वीतभर लोखंड, टोकाला बाक. पोत्यात रुतवायचा, ओढायचं. मुठीला चिंधी गुंडाळायची, नाहीतर तळहात सोलून निघतो. एकाचा हूक दुसरा हमाल उचलत नाही, हा आमचा रिवाज.

संपाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपला हूक चिंचेच्या तारेला अडकवला. हूक झाडावर म्हणजे माणूस संपावर. राखणीला कुणी नाही — तोच तर मान होता! रोज दिवेलागणीला हूक बघायचे, तीच हजेरी.

"आणि कुणी काढून नेला तर?"

"कोण नेतंय," म्हणालो.

१६ एप्रिल

लिहून टाकतो एकदाचं.

बाराव्या दिवशी हजेरीला एक हूक नव्हता. कोंडीरामचा. माझ्याच टोळीतला, शेजारच्याच खोलीतला. तो ओरडून सांगत होता, मी नेला नाही, मी दिवसभर इथेच बसलोय. पण गर्दीत कोण कुठे बसलंय, कुणी पाहिलंय? संप मिटला आणि टोळीने त्याला टाकलं. शिवी नाही, मारहाण नाही. फक्त त्याच्या पाठीवर कुणी पोतं देईना. क्विंटलचं पोतं पाठीवर चढवायला दोन माणसं लागतात. तो पाठ वाकवून उभा राहायचा आणि सगळे दुसरीकडे बघायचे. मीसुद्धा. महिनाभरात यार्ड सोडून गेला.

हूक मी नेला होता.

चुकून. बायको इंदू बाळंतीण, संतोष आठ दिवसांचा, घरात दाणा नाही. धायरीला एका गोदामात कांद्याचे ट्रक उतरवायला माणसं घेत होते. एका दिवसाचं काम. भर दुपारी सगळे भाषणात गुंगलेले, मी चिंचेच्या मागून हात घातला. माझ्या आणि कोंडीरामच्या हुकांना चिंधी इंदूनेच गुंडाळलेली, तिच्याच हिरव्या लुगड्याची. ओळखू यावा म्हणून कोंडीरामच्या मुठीला तिने लाल दोरा बांधला होता. पण घाई, ऊन, पोटात काही नाही, डोळ्यांपुढे अंधारी. धायरीला पोचल्यावर दोरा दिसला. परत आलो तोवर हजेरी होऊन बोभाटा झालेला.

माझा हूक तारेवर तसाच होता. माझी हजेरी लागली.

१७ एप्रिल

आज काही लिहवत नाही.

२० एप्रिल

ट्रंकेच्या तळाशी आहे तो. गंजलाय, पण चिंधी शाबूत. इंदूची गाठ होती, सुटते कशाला!

त्या रात्री तिने तो माझ्या हातात पाहिला तेव्हा एकदाच विचारलं होतं, "चुकून ना?" मी हो म्हणालो. पुन्हा तो विषय नाही. फक्त दरवर्षी दिवाळीची साफसफाई काढली की म्हणायची, "हा घरात नको. त्याचा त्याला देऊन या." आणि मी दरवर्षी, "बघू." चार वर्षं झाली तिला जाऊन. तिने आयुष्यात माझ्याकडे फार मागितलं नाही. हे एक मागितलं, तेही मी दिलं नाही. फार लाज वाटते.

२४ एप्रिल

बुद्धभूषणने पाटीवरची नावं पाठवली. माझं वरून चौथं. कोंडीरामचं नाही. फोन केला.

"काका, ते फितूर झाले होते ना? जुनी माणसं सांगतात."

"नव्हता झाला," म्हणालो, आणि सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पाटी अजून रंगायची आहे, नाव घालतो. पण काका, ते आहेत. लेकीकडे असतात. आधी त्यांना भेटा."

कुठे, तर धायरीला!

२७ एप्रिल

गेलो. वाटेत उत्कर्षाला सांगितलं. तिने स्कूटर कडेला घेतली, हेल्मेट काढलं, माझ्याकडे बघितलं, परत घातलं.

कोंडीरामला आता दिसत नाही. काचबिंदू. ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. पाठ तेवढी ताठ. मी हूक त्याच्या हातात दिला.

"कोंडीराम, मी महिपती. हा तुझा हूक. मीच नेला होता. चुकून."

त्याने लोखंड चाचपलं, मग मूठ, मग बोट दोऱ्यावर येऊन थांबलं. "दोरा हाय की अजून." मग म्हणाला, "माझ्या बानं मरताना इचारलं, खरं सांग, तूच नेला व्हतास का रं? त्यालाबी पटलं न्हाई."

मी त्याचे पाय धरले. त्याने सोडवून घेतले. बोट दोऱ्यावरच. "दोरा असून चुकलास?"

"घाई होती. ऊन होतं."

"ऊन," तो म्हणाला. हूक मांडीवर ठेवला. "चुकीला काय इलाज न्हाई. च्या घे."

चहा घेतला.

येताना उत्कर्षा रडत होती. "आजोबा, आय ॲम सो प्राउड ऑफ यू. एवढी हिंमत कोण करतं?"

१ मे

बोललो. सगळ्यांसमोर, चिंचेखाली. हूक मी नेला, चुकून नेला, आणि गप्प राहिलो. टाळ्याच टाळ्या! दोन तरुण हमाल पाया पडले. बुद्धभूषण माईकवर म्हणाला, "झालेली चूक कबूल करायला मोठं मन लागतं." पाटीवर कोंडीरामचं नाव आहे. पेटीत माझा हूक आणि त्याने दिलेला त्याचा, दोन हिरव्या मुठी शेजारी शेजारी.

कोंडीराम लेकीचा हात धरून आला होता. टाळ्या थांबल्यावर मला म्हणाला, "तार हाय का रं अजून?" मी त्याचा हात धरून तारेवर ठेवला.

"तुझा कुठं अडकवला व्हता?"

"तुझ्या शेजारीच."

"शेजारीच," तो म्हणाला, आणि हात काढून घेतला. मग लेकीला म्हणाला, "चल, घरी जाऊ."

२ मे

चुकून नव्हतं.

दोरा मला तारेवरच दिसला होता. दिसला, म्हणूनच तो उचलला — माझा जागेवर राहावा, माझी हजेरी लागावी म्हणून. या वहीतसुद्धा खोटं लिहिलं.