अण्णांची गरम पाण्याची पिशवी

रविवार, १४ डिसेंबर, संध्याकाळ

आज पहाडगंजला अण्णांची, माझ्या सासऱ्यांची, शोकसभा झाली. मी दोन मिनिटं बोलले. त्यांची सरकारी नोकरी, भावंडांची शिक्षणं, गावाकडून दिल्लीत आलेल्या प्रत्येकाला आमच्याकडे जेवण. सगळं खरंच. पण घरी आल्यापासून रुखरुख लागलीय. गरम पाण्याच्या पिशवीचं सांगायचं राहूनच गेलं.

पिशवी आणलेली त्यांच्या गुडघ्यांसाठी. पण थंडीत अण्णा सगळ्यांच्या आधी उठून ती भरायचे आणि आमचे स्वेटर तिच्याभोवती गुंडाळून रजईखाली ठेवायचे, मग घडी घालून परत कपाटात. मी रत्नागिरीची. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, या घरातलं कपाटच उबदार असेल! खरं कळलं तेव्हा इतकी ओशाळले. सासऱ्यांनी सुनेचा स्वेटर गरम करायचा? तर म्हणाले, "अगं, गुडघे काय, दिवसभर दुखतातच. तू घाल आधी."

हे भरल्या सभेत कसं सांगणार होते मी? पण सांगायला हवं होतं. नव्वदी ओलांडलेल्या माणसाबद्दल याहून मोठं काय सांगायचं असतं?

आत्ता स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली म्हणून गेले. सुनील, माझा नवरा, तीच पिशवी सिंकवर उलटी धरून उभा. ज्याला साधा चहा येत नाही, तो!

"काय रे, पाठ धरली का?"

"नाही गं. गळत नाही ना, बघतोय. आपल्या मनूचा उद्या सकाळी शाळेत पेपर आहे." मग माझ्याकडे न बघता, "अण्णा पाणी किती भरायचे?"

"अर्धीच," म्हटलं. "म्हणजे स्वेटर नीट गुंडाळता येतो."