मधली तीन अक्षरं

३ मार्च, मंगळवार

चादर बदलताना आईच्या उशीखाली वही सापडली. चार रेघांची, शाळेतल्या पोरांची असते तशी. आत आईचं अक्षर — पण इंग्रजी! जिला इंग्रजीत स्वतःचं नाव लिहिता येत नाही, ती आई. मुंग्या चालाव्यात तशी अक्षरं आणि समोर आपल्या भाषेत अर्थ.

साइन — सही.
असाइन — नेमून देणे, दुसऱ्याच्या नावावर करणे.
रिझाइन — सोडून देणे.

तिन्हींच्या शेवटी तीच तीन अक्षरं. आय, जी, एन. वही होती तशी ठेवली. विचारलं काही नाही. सही, दुसऱ्याच्या नावावर, सोडून देणे — एकाखाली एक. मनात पाल चुकचुकली.

५ मार्च, गुरुवार

दातांच्या लॅबमध्ये आज कामात लक्ष नव्हतं. एका कवळीला वरच्या दातांच्या जागी खालचे बसवले. बरं झालं, अजून मेणातच होती, दात काढून पुन्हा लावता आले. मालकांनी उचलून पाहिली. म्हणाले, "बाई, हा माणूस जेवणार कसा?" सगळे हसले, मीही हसले.

घर आईच्या नावावर आहे. माझं लग्न मोडल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, मी तिच्याजवळ राहते. धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. लांब एका खोलीत एकटाच राहतो. घराचा विषय त्याने कधी काढला नाही. पण गेला महिनाभर दर मंगळवारी दुपारी तो इथे येतो — मी लॅबमध्ये असते तेव्हा. हे मला आईने सांगितलेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या भावाची किती माया हो आईवर." माया. अकरा वर्षं कुठे होती?

८ मार्च, रविवार

आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, "धाकटा आला होता का गं इतक्यात?"

"नाही."

कांदा चिरत होती. मान वर केली नाही. आईला खोटं बोलता येतं, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

वहीत दोन शब्द वाढलेत. डिझाइन — आराखडा, बेत. फॉरिन — परका.

परकी कोण? मीच ना.

१० मार्च, मंगळवार

दाढ दुखते म्हणून दुपारीच निघाले. दातांच्या लॅबमध्ये दाढदुखीची थाप — पण खपली.

दाराशी त्याच्या चपला. आत दोघं टेबलापाशी, मध्ये मोठं खाकी पाकीट. मला पाहिलं आणि त्याने ते पिशवीत सरकवलं.

"काय आहे ते?"

"कामाचे कागद."

"कामाचे कागद आईला दाखवायला?"

मग मला आवरलं नाही. सगळं बोलून गेले. आईचं करायला मी, दवाखाना मी, गळकी मोरी मी, आणि सह्या घ्यायला हा. "घ्यायचीच असेल सही तर माझ्यासमोर घे," म्हटलं.  शर्टाची कॉलर सैल झाली होती त्याला. कामाची दगदग, दुसरं काय.

"ताई, घर तुलाच राहू दे," एवढंच म्हणाला. आवाज बसलेला. चहा तसाच टाकून गेला.

आई म्हणाली, "झालं समाधान?"

११ मार्च, बुधवार

आई वाढते आणि उठून जाते.

१४ मार्च, शनिवार

शेवटी मास्तरीणबाईंकडे गेले. आईला इंग्रजी शिकवायचं कुणी म्हटलं तर त्यांच्याविना या इमारतीत दुसरं आहे कोण? त्यांनी लपवलं नाही.

"तुमच्या आई स्वतःच आल्या. चिठोऱ्यावर तीन अक्षरं काढून आणली होती. म्हणाल्या, शब्द मोठा होता, मला मधली तीनच लक्षात राहिली. ही ज्यात येतात ते सगळे शब्द सांगा, अर्थासकट. मी आठवतील तसे देत गेले. प्रत्येक अर्थ ऐकून म्हणायच्या, हा नसणार. परवा दोन दिले, तर काही न बोलता उठून गेल्या."

खाली येऊन सरळ वही उघडली. शेवटच्या पानावर:

बिनाइन — साधी गाठ, धोका नसलेली.
मॅलिग्नंट — कॅन्सरची.

 "आई, तुला गाठ आहे?"

"मला नाही." ती कॉटवर बसली. "त्याला. गळ्यापाशी. म्हणतो, साधी आहे, हे बघ, लिहिलंय तसं. शब्दावर बोट ठेवलं आणि लगेच कागदाची घडी घातली. शाळा बुडवून यायचा ना, तेव्हाही असाच भरभर बोलायचा."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्याने शपथ घातली होती. तरी त्या दिवशी सांगणारच होते तुला. तू दारातूनच भांडत आलीस."

त्याची कॉलर. त्याचा आवाज. सगळं दिसत होतं मला, आणि मी घर राखत बसले होते.

१५ मार्च, रविवार

त्याने दोनदा फोन उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. माफी मागायची होती, जीभ वळली नाही. म्हटलं, "मंगळवारी मी घरी आहे. कागद घेऊन ये."

तो म्हणाला, "आईला साधीच आहे म्हणून सांग ताई. तुझ्यावर विश्वास ठेवेल ती."

१७ मार्च, मंगळवार

तो आला. आईने कागद घेऊन माझ्यापुढे धरला. "तू वाच."

तो माझ्याकडे बघत होता. मी शब्दावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "बिनाइन."

आईने चष्मा पुसला. माझं बोट धरून हळूच बाजूला केलं, आणि वाकून एकेक अक्षर बघत गेली.

"बिनाइन त्या तीन अक्षरांवरच संपतं. इथे पुढे अजून तीन आहेत," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "दवाखान्यात कधी बोलावलंय तुला?"