तुझ्या बोटीचा रंग

प्रिय स्वप्निल,

रुसला असशील. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत तू लग्नाचं विचारलंस आणि मी कलिंगडाची फोड खात राहिले. वर म्हणाले काय, तर दर्यावर जाणारा नवरा मला नको, आईसारखं मागच्या दारात उभं राहून वाट बघणं मला जमायचं नाही. तरी परत येताना चारोटीला तू मला चहा पाजलास, तोही माझ्या कपातली साय काढून. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

इकडची खबर म्हणजे, आमच्या वर्कशॉपच्या मालकांनी, नविनभाईंनी, किनाऱ्यावरच्या एका बंगल्याचं छोटं मॉडेल पहिल्यांदाच मला एकटीला करायला दिलं. एवढंसं घर भडक रंगवलं की खेळण्यासारखं दिसतं, म्हणून भिंतींना निळा रंग जरा फिकाच दिला. खिडक्यांना आतून बटरपेपर लावला. त्यातून उजेड मऊ येतो, आत कुणीतरी जेवायला बसलंय असं वाटतं. मी स्वतःवरच खूश होते. मग नविनभाईंनी पडदे ओढले, मी मॉडेलमधल्या दिव्यांचं बटण दाबलं आणि माझ्या निळ्या भिंती हिरव्या झाल्या. “ब्लू सांगितला, ग्रीन काय केला?” म्हणाले. रंग मी दिवसाउजेडी निवडला होता आणि दिवे लावले होते पिवळे. पिवळा उजेड निळ्याला हिरव्याकडे ओढतो. मग भिंतींवरचे दिवे पांढरे केले, पिवळे फक्त खिडक्यांच्या आत ठेवले. काम निभावलं. पण दिवे बदलण्याआधी मी त्या भिंतींकडे बघतच राहिले होते, कारण तो हिरवा माझ्या ओळखीचा होता.

आपलं जुनं भांडण आठवतं ना? तुझी बोट हिरवी, असं मी शपथेवर सांगायचे. तू म्हणायचास, डोळे तपासून घे, निळी आहे, मी स्वतः रंगवलीय. तुझी आई, चंद्राकाकी, तीही तुझ्याच बाजूने. हरले बाबा, निळीच असणार. दिवसा मी कामावर आणि तुझी बोट दर्यावर. मी ती बघितली ती दिवेलागणीनंतर खाडीत शिरताना, आमच्या खाडीकडच्या मागच्या दारातल्या पिवळ्या बल्बच्या उजेडात. आणि एकदा ओझरतं बघून कुणी रंगावरून वर्षानुवर्षं भांडत नाही. म्हणजे रोज संध्याकाळी आईशेजारी मीही तिथे उभी होते. आई उभी असायची बाबांसाठी. मी काय भरती मोजायला?

म्हणून हे लिहिते आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू हसला असतास आणि मी पुन्हा काहीतरी वाकडं बोलले असते. वाट बघणं मला जमतं, स्वप्निल. जीव धास्तावतो, तरी जमतं. चंद्राकाकीला मागणी घालायला पाठव. आपल्या घराच्या मागच्या दाराला दिवा मी लावीन, आणि तो पिवळाच असेल. तुझी बोट मला हिरवीच बघायची आहे.

तुझीच,
कल्पिता