काशिनाथअण्णांचा नंबर

३ एप्रिल

इंदूरहून महासंघाची नियमावली आली. एकतीस पानं. प्रोग्राम कसा लिहावा. नावं कशी ठेवावीत. एका ओळीत किती अक्षरं. प्रत्येक अपवादावर एक ओळ: हे का केलं.

अठरा वर्षं हा प्रोग्राम सांभाळते. लिहिलाही मीच. सोसायटीच्या केळीच्या कटाईचे नंबर त्यातून लागतात. आता मला ओळ मोजायला शिकवणार.

सचिव भास्करराव खूश. सगळ्या सोसायट्यांचा एकच प्रोग्राम होणार. 'जुळणी.' हा शब्द दिवसातून दहा वेळा.

७ एप्रिल

महासंघात प्रोग्राम तपासणारे कोणी तिवारी आहेत. त्यांचं पत्रक आलं. माझ्या प्रोग्राममधल्या बेचाळीस जागा, समोर रिकामा रकाना: कारण.

बेचाळीस ठिकाणी मी खुलासा का द्यायचा? एम.ए.ला सरांनी एवढंच शिकवलं की मजकुरात आहे ते पुन्हा सांगू नये. प्रोग्रामही मजकूरच. वाचता येत असेल त्याने वाचावा.

रकाना रिकामा ठेवून परत पाठवलं. भास्करराव म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहिणारी माणसं. बेचाळीस ओळींची कंजुषी?"

२४ एप्रिल

जुळणी झाली. नंबरांची यादी आता रोज सकाळी इंदूरहून येते. माझा कॉम्प्युटर फक्त छापतो. मीही.

९ मे

बहादरपूरचे काशिनाथअण्णा काल गेले. बागेत बसले ते उठले नाहीत. आज त्यांची कटाई होती.

भेटून आले. बांधाशेजारचे दगडूभाऊ म्हणाले, कटाईचं मी बघतो, अण्णाच्या घरी सुमनवहिनीला सांगून ठेवलंय. मी मान हलवली. यात आणखी काय बोलायचं असतं.

१० मे

दगडूभाऊ आठलाच अण्णांचं कार्ड घेऊन आले. "ताई, आपलं नेहमीचंच. तेरावं होईतो अण्णाच्या नंबरवर मी कापतो."

यादीत वर अण्णा नाहीत. शेवटच्या पानावर सापडले, दोनशे बाराव्या जागी. म्हणजे जून. ठरल्या दिवशी कापलं नाही की नंबर शेवटी, हा नियम. नंबर नसला की गाडी माल घेत नाही. दगडूभाऊंची स्वतःची कटाई गेल्या आठवड्यात झाली, त्यांचाही नंबर नाही.

पण घरात मृत्यू झाला तर तेरा दिवस नंबर जागेवर राहतो आणि दुसरा सभासद त्यावर कापतो. कुठल्याही कागदावर हे नाही. चालत आलंय. म्हणून प्रोग्राममध्ये अकरा ओळी टाकल्या होत्या. नाव ठेवलं होतं के-१३. के कटाईचा.

इंदूरने उडवल्या.

दगडूभाऊ म्हणाले, "घडाला सुतक नसतं, ताई. खालची फणी पिवळी पडाया लागली."

दुपारी तिवारींना फोन. रागात हिंदी धड येईना. विचारलं, न विचारता काढलंच कसं.

"पूछा था, मॅडम. पूरे कॉलम में वही तो पूछा था."

म्हटलं, वाचता येत नाही का.

"के-तेरह. साल में दो बार चला. मैं क्या समझता?"

फोन मी आपटला. संताप कोणावर, ते आज लिहिणार नाही.

११ मे

तिवारींचाच फोन. कारण लिहून पाठवा, उद्या संध्याकाळी बैठक आहे, मंजूर झालं तर परवाच्या यादीत नंबर जागेवर येईल. मी तोंडी सांगितलं. घरचे शेतात जात नाहीत, शेजारी कापतो.

त्यांनी विचारलं, "तेरह ही क्यों? आपके यहाँ मुसलमान मेंबर नहीं हैं?"

आहेत.

जुनी रजिस्टरं काढली. रशीदभाईंचे वडील वारले ते वर्ष. चौथ्या दिवशी स्वतः कापायला आले होते. किती कष्टाळू माणूस, असं मी तेव्हा म्हटल्याचं आठवतं. नंबर राहतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. किती दिवस हवेत, हेही कोणी विचारलं नव्हतं. ते काम माझं होतं.

इंदूरच्या माणसाला हे फोनवर, एका मिनिटात दिसलं. त्याचाही राग आला.

१२ मे

भास्करराव सकाळीच: तेरा टाका, पाठवा, वाद नको. दगडूभाऊंना विचारलं, वहिनी काय म्हणतात. म्हणे, बागेकडे तोंड करून बसते.

नव्या पत्रकात दिवसांचाही रकाना आहे, त्यात आकडाच चालतो. 'घरच्यांना विचारा' घेत नाही. रिकामा ठेवला तर पत्रक परत येतं. रिकामा ठेवायची हौस माझी एकदा फिटली.

१३ टाकलं. अण्णांच्या घरी तेरा बरोबर आहे.

कारण लिहिलं: घरात मृत्यू झाला तर घरचे शेतात जात नाहीत. माल थांबत नाही. म्हणून त्यांच्या नंबरवर दुसरा सभासद कापतो. तेरा हा आकडा सगळ्यांचा नाही. तो मी कोणाला न विचारता टाकला होता. बदलायचा आहे.

नियमावलीत मर्यादा ऐंशी अक्षरांची. हे कितीतरी लांब. तीनदा वाचलं. एक शब्द काढला नाही. पाठवलं.

साडेपाच. बैठक सुरू असेल. भास्करराव दोनदा खिडकीशी येऊन गेले. दगडूभाऊ बाहेर बाकावर, विळा फडक्यात गुंडाळलेला. विचारलं, घरी नाही जायचं?

"यादी आली की जातो."

यादी सकाळी येते, हे त्यांना माहीत आहे.