लाकडातलं पिल्लू

३ फेब्रु. ७५
कोंबड्यांत मर आली, आठवड्यात खुराडं रिकामं. सासूबाई नीट जेवत नाहीत. मी म्हटलं, शेजारच्या पारूकाकूंकडून अंडी आणू, पेटीत उबवू. गूळ बांधून आलेल्या कागदावर कृती आहे. (निम्मीच. पुढचं पान दुसऱ्या कुणाच्या गुळाला गेलं असेल.)
हसल्या. "कोंबडीबिगर? अगं, लाकडातनं पिल्लू निघालं तर तुला लगीच सोलापूरला धाडते बघ."
लग्नाला तीन वर्षं. यांची गिरणीजवळ खोली आहे आणि मी इथं वस्तीवर. विचारलं की "कोंबड्या कोण बघल, काढणी कोण करल". आज पहिल्यांदा शब्द मिळाला. लिहून ठेवते.

६ फेब्रु.
चहाचं खोकं. खाली कंदील, वर पत्रा, पत्र्यावर वाळू, वाळूवर बारा अंडी. कडेनं भुसा ठासला, वाटीत पाणी. यांनी माझ्या तापाला आणलेला थर्मामीटर आत. सासूबाई त्याला 'काच' म्हणतात. शंभरच्या जरा वर हवा. अंड्यांना एका अंगाला पेन्सिलीनं फुली. दिवसातून तीनदा फिरवायची, एकवीस दिवस.

९ फेब्रु.
वात जरा वर केली की १०४, खाली करून थर्मामीटर झटकून ठेवला की ९८. धुणं घेऊन विहिरीवर गेले, अर्ध्यातून परत. पारूकाकूंकडे हळदीकुंकू होतं, नाही गेले. आधी वस्तीवर अडकले होते, आता वस्तीच्या एका कोपऱ्यात. तेही आपल्या हातानं.

१४ फेब्रु.
हे आले. "आता चलच. आईला सांगतो मी." तीन वर्षांत पहिल्यांदा! आणि मी काय म्हणाले? "आठवा दिवस आहे, अजून तेरा दिवस थांबा." माझं मलाच हसू आलं, मग रडू. यांनी आईपुढे बसून तीन भाकऱ्या खाल्ल्या, बोलले काहीच नाहीत. महिनाअखेर येतो म्हणून गेले.

१७ फेब्रु.
कावळा शिवला. नेमका आज. दुपारपर्यंत लपवलं, दोनदा अंडी फिरवली. देवापुढे दिवा लावायची वेळ आली तेव्हा सांगावंच लागलं.
"अंड्याला हात लावलास व्हय? गेली की गं समदी!"
तीन दिवस गोठ्याच्या कडेला पोत्यावर. पेटी दारातून दिसते.

१८ फेब्रु.
मी लांबून सांगते, त्या करतात. "आत्या, आकडा बघा." "मला कुटं येतंय वाचाया?" मग अंडं उचललं, डोळा मिटून पापणीला टेकवलं. "लई ऊन झालंय," म्हणून वात उतरवली. कोंबडी अंड्यांवरून उठून गेली की त्यांची आई असंच बघायची म्हणे. माझा जीव टांगणीला.

२० फेब्रु.
न्हाले. आधी थर्मामीटर झटकून आत ठेवला, मग बघितला. शंभर आणि वर एक रेघ!
अंधाऱ्या खोलीत कवडशापुढे अंडी धरली. नऊंत काळं हलतंय. तीन कोरी.
"ती तीन तुज्या हाताची."
फार राग आला. पण नऊ त्यांच्या पापणीनं जगली, तेही खरंच.

२६ फेब्रु.
अंड्यातून चिवचिव. सासूबाई भाकरी तव्यावर टाकून पिठाच्या हातानं पळत आल्या, कान लावून बसल्या. "बोलतंय की गं!" भाकरी करपली.

२७ फेब्रु.
सात निघाली. सातही त्यांच्या पदरात. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी. मग शब्दाची आठवण दिली.
"जा की. म्या कुटं न्हाय म्हणते? पर पारूकडनं आजून अंडी आणल्यात. पेटी कोण बघल? मला काच वाचाया येतीया व्हय?"
जेवले नाही. पेटी मीच केली. माझ्याच हातानं दाराला कडी घातली.

२८ फेब्रु.
सकाळी विहिरीवरून आले तर सासूबाई पेटीपुढे. आत नवी अंडी मांडलेली, फुल्यांच्या जागी चुन्याचे ठिपके. एक अंडं पापणीला, डोळे मिटलेले. वात बेतानं उतरवली. थर्मामीटर कोनाड्यात तसाच, हातही लावलेला नव्हता.
डोळे उघडले तर मी दारात.
मी थर्मामीटर घेतला, पुसला, माझ्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवला. ट्रंक दाराशी आणून ठेवली.
त्यांनी पुढचं अंडं उचललं, पापणीला टेकवलं.
हे दुपारच्या एस.टी.नं येतील. तीच गाडी तासाभरानं परत जाते.