पाय नसलेलीची चाल

४ जून
‘ती आवाज न करता आली.’ — आता ह्याचा आवाज मी कुठून काढू!

दिग्दर्शक मॅडमनी आज एक पुस्तक हातात ठेवलं. जुन्या जपानी भुतांच्या गोष्टी, इंग्रजीत केलेल्या. त्यातल्या एकीची मराठीत श्रुतिका करायची आहे. मी सवयीने विचारलं, पावलं लाकडावर की मातीवर? म्हणाल्या, "पायच नाहीत. तिकडच्या भुतांना नसतात." दारं, घोडे, वादळं, जिन्यावरची पावलं — रेडिओसाठी जन्मभर हेच आवाज काढत आलो. पाय नसलेलं गिऱ्हाईक पहिलंच.

५ जून
गोष्ट वाचली. इंग्रजी वाचताना मी ठेचकाळत जातो, पण ही सोडवेना. कागदी छत्र्या करणारा एक कारागीर. बायको हातातली छत्री अर्धी टाकून वारते. मग रोज तिन्हीसांजेला येते, एक काडी चिकटवते आणि जाते. छत्री पुरी झाली की ती यायची नाही, हे त्याला कळतं. म्हणून तो रोज सकाळी एक काडी उचकटून ठेवतो!

घाबरायच्या तयारीने बसलो होतो. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली.

बायकोला सांगितली. तिने भाजी चिरता चिरता विचारलं, "तिला कळत नसेल होय, काडी उचकटलेली? कळून गप्प बसत असेल." हे पुस्तकात नाही! मॅडमना सांगायला हवं.

८ जून
प्रयोग. ओला कागद फरशीवर — उंदीर. फडकं तांदळावरून — कुणीतरी धान्य निवडतंय. बायकोच्या जुन्या कोटाचं रेशमी अस्तर, उशीच्या अभ्र्यावरून हळू — हं, हे जवळ आलं. पण अजून ‘कुणीतरी’ वाटतं. ‘कुणीच नाही’ कसं वाटायला लावायचं?

बायको : "भूत ठेवून घ्या. कोट परत द्या."

९ जून
सापडलं!! तिचा आवाज काढायचाच नाही. बाकीचे काढून घ्यायचे. ती येते तेव्हा आधी पागोळी थांबते. मग रातकिडे. मग नवऱ्याच्या हातातला खळीचा कुंचला. सगळं गप्प झालं की अस्तराची एकच ओढ. बस्स.

मॅडम म्हणाल्या, "आत्ताच अंगावर काटा आला." दिवसभर हवेत होतो.

११ जून
रेकॉर्डिंग. माइक तोंडाजवळ घेऊन अस्तरावर वाकलो. कुंचला थांबला, अस्तर ओढलं — आणि काचेपलीकडून केबलरावने हात वर केला. (आमचा रेकॉर्डिस्ट. गळ्यात कायम वायरीचं वेटोळं, म्हणून हे नाव.)

"काका, आत आणखी कोण आहे?"

कोण असणार?

"काहीतरी वाजतंय. बारीक, शिट्टीसारखं. बाकीचे आवाज गेले की येतं."

मी हेडफोन लावला. छे! शुकशुकाट. मॅडमनी लावला. त्यांचा चेहराच बदलला. "कुणीतरी लांबून साद घालतंय असं वाटतं," म्हणाल्या.

दोघं मिळून माझी फिरकी घेताहेत, दुसरं काय!

१२ जून
फिरकी नाही. रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग केलं, दिवे-पंखे बंद करून — स्वच्छ. म्हणजे दोष दिव्यांचा. दिवे बदलले. मी अस्तर घेऊन बसलो. शिट्टी हजर! माइक बदलला, वायर बदलली. तरी हजर. मॅडम हसल्या खऱ्या, पण दंड चोळत होत्या. भुताचं काम करणारी नटी आता आत एकटी बसायला तयार नाही.

सगळ्यांना ऐकू येतं. मला नाही. भुताला माझंच काय वावडं?

१३ जून
कितीदा लावून ऐकलं. काही नाही.

१४ जून
बायको आतून ओरडली, "अहो, धुलाईचं मशीन केव्हाचं पीं-पीं बोंबलतंय, बंद करा की!"

मी मशीनला टेकूनच उभा होतो. म्हटलं, "ह्याला कुठे आवाज आहे?"

ती बाहेर आली. मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि फोन उचलून कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली.

१६ जून
कानाच्या डॉक्टरबाई. बंद खोली, हातात बटण. ऐकू आलं की दाबायचं. जाडजाड आवाज आले, दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी म्हटलं, "पुढचे सुरू करा ना."

"झाले की," म्हणाल्या.

वरचे, बारीक आवाज गेलेत. यंत्रं लावावी लागतील. माझा धंदाच कानाचा! पण खरं लिहितो — त्याच्याही आधी मनात आलं ते हे : म्हणजे ती शिट्टी खरी आहे.

१७ जून
मॅडमना सांगू? बायको म्हणते, "सांगून टाका. नाहीतर केबलराव मांत्रिक घेऊन येईल."

१८ जून
सांगितलं.

"म्हणजे आम्ही ऐकत होतो ते—"

"मला नाही."

"कधीपासून?"

"काय सांगू? आवाज जाताना सांगून जात नाही."

टेबलावर पेन आपटत राहिल्या. वाटलं, आता म्हणणार, काका, आराम करा. म्हणाल्या, "काल शिट्टी काढून ऐकलं मी. खोली रिकामी वाटते. ठेवली की ती आलेली असते. शिट्टीला हात लावायचा नाही."

आणि पुढचं काम?

"यंत्रं घालून या. केबलराव शेजारी बसेल. मग बघू."

बघू! एवढ्या एका शब्दावर घरी आलो.

२३ जून
श्रुतिका लागली. आम्ही दोघं रेडिओपुढे. शेवटी तो काडी उचकटत नाही. छत्री पुरी होते. बायकोने डोळे पुसले. म्हणाली, "ती शिट्टी... का कोण जाणे, ओळखीची वाटली."

मी मान डोलावली. मला नुसती शांतता ऐकू आली. माझ्याच श्रुतिकेत जिला सगळ्यांनी ऐकलं, ती मला भेटलीच नाही.

केबलरावने शोध सोडला. मी नाही.

२६ जून
यंत्रं आली. पिशवी, किल्ल्या, स्वतःच्या चपला — काय हा गोंगाट! आणि बायकोच्या बांगड्या. दोन प्रकारच्या वाजतात! घरभर तिच्या मागे हिंडलो. "वेड लागलंय का?" म्हणाली.

२७ जून
घरात एकटा. खिडक्या लावल्या, रेकॉर्डिंग लावलं. पागोळी थांबली. रातकिडे थांबले. कुंचला थांबला. आणि — आली! बारीक, लांब ओढलेली.

रेकॉर्डिंग बंद केलं.

शिट्टी चालूच.

श्वास रोखला. थांबली.

श्वास घेतला. माझ्याच नाकातून — आली!